जावेच्या गाडीचं इंजिन

धाकट्या जावेच्या दारात नवी गाडी आली तो आठवडा माझा वाईट गेला. दीर बोटीवर असतो. तिने मागितलीही नव्हती, त्याने तिकडूनच सगळं ठरवून पेडण्याच्या घरी गाडी पोचती केली. मी मांद्र्यातल्या गेस्टहाउसच्या चादरी धुऊन पोचवते. माझी व्हॅन मी घेतली तेव्हाच जुनी होती, आणि घेतली ती माझी मीच. कोरी गाडी हाताखाली कशी लागते हे मला ठाऊक नव्हतं. मला ती गाडी चालवायची होती.

जाऊ मात्र ती रस्त्यावर काढेना. रोज सकाळी अंगणात इंजिन सुरू करायची आणि शेजारी खुर्ची टाकून भाजी निवडायची.

"कोणाची वाट बघतस गो?" मी विचारलं.

"वाट कसली? शोरूमवालो म्हणालो, आधी इंजिन बसाक व्हया. तां बसवतंय."

गाडी उभी ठेवून इंजिन बसत नाही, बिघडतं. आतले भाग एकमेकांवर घासून जागी बसायला ती चालावी लागते. कधी हळू, कधी जरा वेगात, चढाला, उताराला. फक्त दामटायची नाही आणि ओझं लादायचं नाही. हे मला माहीत असून मी गप्प राहिले. बिघडू दे, असंही वाटलं. पण चांगल्या यंत्राची नासाडी बघवेना, शेवटी सांगितलं.

"मगे तूच बसव," तिने चावी माझ्या हातावर ठेवली. "माझो हात अजून शिकाऊ."

मग चादरी पोचवून झाल्या की आम्ही दोघी निघायचो. मी चालवायची, ती शेजारी. गिअर दोन बोटांनी पडायचा. माझ्या व्हॅनला त्यासाठी खांद्यापासून जोर लागतो. मागून बसवाले हॉर्न वाजवून थकायचे, मी वेग वाढवत नसे. एकदा लाटंबार्स्याला माझ्या माहेरी नेली. भावाची बायको अंगणातूनच ओरडली, "नवी गाडी घेतलीस?"

"हिची आहे," मी म्हटलं, आणि परतीच्या वाटेवर जावेशी धड बोलले नाही.

पहिली सर्व्हिसिंग झाली. इंजिन मस्त बसलंय, मेकॅनिक म्हणाला.

"तरी अजून थोडे दिवस सांभाळायला हवी," मी म्हटलं. "मीच चालवते."

जाऊ हसली. "वयनी, ह्या गाडीची तुझ्या व्हॅनीसारखी गत होयपर्यंत तूच चालवतलंस! बाजूक बस."

बाजूला बसले. गाडी गचका खाऊन बंद पडणार, याची वाट बघत होते. ती फाटकातून सरळ बाहेर पडली. पुढच्या चढावर, मी जिथे गिअर उतरवते नेमकं तिथेच तिने उतरवला. इतके दिवस ती शेजारी बसून बाहेरची काजूची झाडं बघत नव्हती तर.

"बरोबर?" तिने विचारलं.

"बरोबर. पण क्लच जरा लवकर सोडलास."

क्लच तिने वेळेवरच सोडला होता.