मालगाडीच्या पलीकडे

माझे सासरे रोज सकाळी मला मोपेडवरून रुळापर्यंत सोडतात आणि रस्ताभर आम्ही एकमेकांशी एक शब्द बोलत नाही. भांडण नाही, अबोला नाही. आमच्याकडं सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नाही, एवढंच. मी मागं एका बाजूला पाय सोडून बसते, आमच्या दोघांच्या मधे माझी पर्स उभी असते आणि डब्याची पिशवी पुढं हँडलखालच्या हुकाला लटकत असते. त्यांना काही सांगायचं असलं तर ते रस्त्याला सांगतात. "उशीर व्हायलाय." "आभाळ आलंय." मी मागून हूं म्हणते आणि आमचं बोलणं संपतं.

मी येरमाळ्याला एका खासगी दवाखान्यात रक्त-लघवी तपासायचं काम करते. नवरा पुण्याला कंपनीत आहे, सणावाराला येतो. घरात सासू, सासरे आणि मी. सासऱ्यांना सगळे आबा म्हणतात म्हणून मीही आबाच म्हणते, म्हणजे त्यांच्याबद्दल दुसऱ्याशी बोलताना. त्यांना स्वतःला हाक मारायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती. ते कायम माझ्या पुढं, हाताच्या अंतरावर, मोपेड चालवत.

आमचं गाव रुळाच्या एका बाजूला आणि डांबरी सडक दुसऱ्या बाजूला. पूर्वी मधे फाटक होतं. ते बंद करून रुळाखालून बोगदा काढला. बोगदा उन्हाळ्यात फार छान आहे, बसायला गार लागतं. पावसाळ्यात मात्र त्यात कमरेएवढं पाणी साचतं आणि दिवाळीपर्यंत बेडकं सोडून त्यातून कुणी जात नाही. मग सगळं गाव जुन्या फाटकाच्या जागी चढ चढून रूळ ओलांडतं. पायी माणसं तशीच, गाडीवाले गाडी उचलून. दोघातिघांनी मिळून एकाची गाडी एका रुळावरून पलीकडं टाकायची, मग दुसऱ्या रुळावरून, मग मागच्याची घ्यायची. अप-डाऊन करणाऱ्या माणसांची तिथं ओळखच तशी आहे. गाव माहीत नाही, आडनाव माहीत नाही, पण तुमची गाडी मी काल उचलली होती, हे पक्कं माहीत.

आबांनी मोपेड कधी रुळावर नेली नाही. ते अलीकडंच बाभळीखाली थांबतात. मी पायी रूळ ओलांडून सडकेला जाते, येरमाळ्याची वडाप येते, मी कुणाच्या तरी मांडीला मांडी लावून जीपमधे बसते आणि मग आबा एकदा हॉर्न वाजवतात. त्या मोपेडचा हॉर्न घसा बसलेल्या माणसासारखा आहे, पीं म्हणायचं तर भें म्हणतो. मी वळून बघत नाही. पण तो भें ऐकू आल्याशिवाय मला जीपमधे बसल्यासारखं वाटत नाही.

आणखी एक सांगायला हवं. आमच्याकडं सून सासऱ्याचं नाव घेत नाही. सासूबाई तर नवऱ्याचंही घेत नाहीत. आबांचं नाव एका देवाचं आहे, म्हणून त्या गावातल्या त्या देवाला नुसतं 'पारावरचा' म्हणतात. दवाखान्यात माझ्यासमोर अशाच बाया येऊन बसतात. पूर्ण नाव सांगा म्हटलं की शेजारणीला कोपरानं ढोसतात, तू सांग म्हणून. मी खेकसते, "मावशी, नळीवर काय लिहू, 'त्यांची बायको' लिहू का?" दिवसभर असं खेकसून मी संध्याकाळी घरी येते आणि दारात कुणी सासऱ्यांचं नाव विचारलं तर सासूबाईंकडं बघते. त्या माझ्याकडं बघतात. विचारणारा कंटाळून निघून जातो.

गेल्या वर्षी सोयाबीन काढायच्या दिवसांत परतीच्या पावसानं बोगदा तुडुंब भरला होता. आबांनी मला नेहमीसारखं बाभळीखाली उतरवलं. मी रूळ ओलांडला, सडकेला येऊन उभी राहिले आणि हात हलका लागला म्हणून बघितलं तर डबा नव्हता. हुकालाच राहिला होता. आता आबा डबा घेऊन येणार, हे मला न बघता कळलं. सून उपाशी राहील हे त्यांना चालत नाही, आणि हाका मारून तिला बोलवायचं हे त्याहून चालत नाही.

म्हणून मी त्या दिवशी मागं वळले. सूर्य गावाच्या अंगाला होता, ऊन सरळ डोळ्यांत येत होतं. रुळावर माणसं गाड्या उचलत होती. त्यात एक पांढरं धोतर, पांढरी टोपी, एक मोपेड आणि हँडलला लटकलेली पिशवी. तोंड दिसत नव्हतं. तेवढ्यात लातूरकडून मालगाडीनं शिट्टी दिली आणि ती थांबेचना. माणसं ओरडायला लागली, "सोडा! गाडी सोडा!" उचलू लागलेले दोघं दोन्हीकडं पळाले. पांढऱ्या धोतरातला माणूस पळाला नाही. मोपेडचं चाक दोन रुळांच्या मधे खडीत रुतलं होतं आणि तो दोन्ही हातांनी हँडल ओढत होता. मीही ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. मग इंजिन मधे आलं, पत्र्याचा एक आवाज झाला आणि पुढं नुसते डबेच डबे जायला लागले.

मालगाडी लगेच थांबत नाही. ती किंचाळत, धडधडत बरीच पुढं गेली आणि थांबली तेव्हा तिचे मधले डबे आमच्या वाटेवर भिंतीसारखे उभे होते. इंजिन लांब, शेवटचा डबाही लांब. गाव पलीकडं, मी अलीकडं.

उचलू लागलेल्यांपैकी एक जण आमच्या बाजूला पळाला होता. तो सडकेवर बसला होता. मी विचारलं, "कोण होतं?"

"म्हातारं व्हतं. मोपेडवालं. सोड म्हणलं तर सोडंना."

"कुठलं? कुणाचं?"

"काय की ताई. तोंड बघितलंच न्हाई म्या. चाक धरलं व्हतं नुसतं."

आबा मोपेड रुळावर नेत नाहीत, हे मला माहीत होतं. पण डबा पोचवायचा, सून निघून जाईल, पायी उशीर होईल, म्हणून आज नेली असली तर? आणि ती पिशवी? मोबाइल लावून उपयोग नव्हता. आबांना मुलानं चांगला मोबाइल घेऊन दिलाय, तो हरवू नये म्हणून ते घरी भिंतीतल्या देवळीत ठेवून येतात. मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की बोलायची सोय नाही.

मी मालगाडीच्या डब्याजवळ गेले आणि वाकून खालून बघितलं. पलीकडं पाय दिसत होते. बूट, स्लिपर, अनवाणी पाय, धोतराचे काठ. सासऱ्याच्या तोंडाकडं मी कधी धड बघितलेलं नाही, पण त्यांचे पाय मला पाठ आहेत. दर सणाला त्यांच्यावर डोकं ठेवते. उजव्या अंगठ्यावर कधीतरी बैलानं पाय दिलाय, तिथलं नख काळं, आणि चामडी चपलेची टाच आतल्या बाजूनं झिजलेली. मी एकेक पाय बघत गेले. तो अंगठा कुठंच नव्हता.

वडापचा ड्रायव्हर मागून धावत आला आणि माझी ओढणी धरून त्यानं मला मागं ओढलं. "ताई, गाडी हालंल! वाकायलात काय!"

मग मी हाक मारली. आयुष्यात पहिल्यांदा. "आबा!"

पलीकडून ओ आली. एक नाही, चार-पाच. "ओ! कोन गं?" "मी हाय की, तू कुणाची?" "काय झालं पोरी?" आमच्या भागात साठी ओलांडलेला माणूस आबा नाहीतर अण्णा. सगळ्या पंचक्रोशीचे आबा त्या मालगाडीमागं गोळा झाले होते आणि माझा त्यात आहे की नाही ते मला कळत नव्हतं. मी पुन्हा हाक मारली, पुन्हा तेच सगळे ओ देऊ लागले. त्यांच्यातला एकही आवाज घरातला नव्हता.

दुसरं काही उरलं नाही तेव्हा मी त्यांचं नाव घेतलं. नाव, बापाचं नाव, आडनाव, दवाखान्यात पेशंटला पुकारतात तसं, ठणठणीत. रोजची सवय, शेवटच्या बाकावरच्याला ऐकू जाईल असा आवाज आपोआप लागला. ते नाव मी इथंही लिहीत नाही, एकदा घेतलं तेवढं पुरे. डोक्यावरची ओढणी खाली पडली होती, ड्रायव्हर माझ्या तोंडाकडं बघत होता. त्याच्या ओळखीचं घर आहे आमचं.

पलीकडचे आबा सगळे गप्प झाले. कुणीच ओ देईना. मी पुन्हा पुकारलं. या वेळी आवाज चिरकला.

आणि मग भें झालं.

बसलेल्या घशाचा, नादुरुस्त, कितीदा सांगूनही दुरुस्त न केलेला तो हॉर्न. एकदा वाजला. मग लागोपाठ वाजायला लागला, भें भें भें, थांबेचना. मी तिथंच सडकेच्या कडेला मातीत बसले आणि हसायला लागले. रडतही होते, पण जास्त हसत होते. "हायेत! आमचे आबा हायेत!" असं मी त्या ड्रायव्हरला सांगत होते, जणू त्याची पैज होती माझ्याशी. तो म्हणाला, "येडाई पावली, ताई," आणि त्यानं देवीच्या डोंगराच्या दिशेनं हात जोडले. छातीवरचा दगड उतरला म्हणतात ते काय असतं ते मला त्या मातीत बसून कळलं. इतकं हलकं मला लग्नात वाटलं नव्हतं, नोकरी लागली तेव्हाही नाही.

तिकडं एक माणूस मरून पडला होता, हे खरं आहे. मी ते डोळ्यांनी बघितलं होतं. पण त्या घडीला मला त्याचं काही वाटलं नाही. आपला नाही, एवढंच मनात होतं. वाईट वाटलं ते नंतर, गाडी हलल्यावर. गेलेले म्हातारे शेजारच्या वस्तीवरचे होते, सडकेच्या डेअरीला दूध घालायला निघाले होते. पिशवीत दुधाची किटली होती. मोपेड लेकानं नवी घेऊन दिलेली, म्हणून हात सुटला नाही, असं लोक म्हणत होते. त्यांच्या घरी त्या वेळी कुणी हाका मारत असेल का, हे मला अजूनही जीपमधे बसल्यावर कधीकधी आठवतं.

मालगाडी निघून गेली आणि आबा पायी रूळ ओलांडून आले. हातात माझी डब्याची पिशवी. खांद्यावर उपरणं नव्हतं. उपरण्याशिवाय मी त्यांना घराबाहेर कधी बघितलं नव्हतं. ते माझ्यापासून दोन हातांवर थांबले, सडकेकडं बघून म्हणाले, "भाकरी गार झाली असंल."

मी म्हणाले, "आबा, उपरणं कुठंय?"

आता ते सडकेशी बोलू शकत नव्हते. माझ्याकडं बघून म्हणाले, "त्याला घातलं. उघडा पडला व्हता."

ते तिकडं पुढं, इंजिनाच्या बाजूला होते. म्हणून डब्याखालून मला त्यांचे पाय दिसले नव्हते. तिथून ते कसेबसे बाभळीपर्यंत आले, मोपेडवर टेकले, आणि तेवढ्यात त्यांचं नाव त्यांच्या कानावर पडलं.

मी त्या दिवशी कामावर गेले. लोकांना याचं नवल वाटतं, पण दवाखान्यात माणसं उपाशीपोटी रक्त द्यायला येऊन बसलेली असतात. एका बाईनं नवऱ्याचं नाव सांगताना शेजारणीला ढोसलं तेव्हा मी खेकसले नाही, शेजारणीलाच विचारून घेतलं.

संध्याकाळी मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. बातमी माझ्याआधी घरी पोचलेली, ड्रायव्हर गप्प बसणाऱ्यातला नव्हे. मी आल्यापासून सासूबाईंनी विषय काढला नव्हता, त्यामुळं माझं लक्ष सगळं ओसरीकडं होतं. शेवटी आबांनीच काढला.

"तुज्या सुनंनं आज माजं नाव घेतलं. समद्या लोकांत. बापाच्या नावासकट."

माझा हात पिठात थांबला. सासूबाई ओसरीवर शेंगा फोडत होत्या. टरफलांचा आवाजही थांबला.

"मग?" त्या म्हणाल्या. "तुमी ओ दिली का न्हाई?"

"हारन वाजिवला."

"हारन?" सासूबाईंचा आवाज चढला. नवऱ्यावर त्यांनी आवाज चढवलेला मी पहिल्यांदाच ऐकला. "ती पोर तिकडं जीव मुठीत धरून हाका मारायली, आन् तुमी हारन वाजिवता व्हय? तोंड न्हाय का तुमाला?"

टरफलांचा आवाज पुन्हा सुरू झाला. मला वाटलं, विषय संपला. मी भाकरी तव्यावर टाकली.

"पयल्या हाकंपासून वरडायलोय," ते म्हणाले. "आवाजच निघंना झाला व्हता."