ओसाकाच्या रांगेतला रामेनतज्ज्ञ

एकदाही रामेन न खाता रामेनतज्ज्ञ होता येतं. मी झालो होतो.

त्याला फारसं भांडवल लागत नाही. नेदरलँड्समधल्या आमच्या नीउ-व्हेनेप गावाहून स्लोटरडाइकच्या ऑफिसला जाता-येता ट्रेनमध्ये या जपानी रस्सा-नूडल्सचे व्हिडिओ बघायचे आणि शनिवारी कुणाच्या तरी घरी बटाटेवडे तळले जात असताना ठणकावून बोलायचं. "हाडांचा रस्सा रात्रभर उकळलेला नसेल तर त्याला रामेन म्हणूच नये!" असं मी म्हणालो की मंडळी हातातला वडा हातातच ठेवून ऐकायची. (चहाचं आधण ठेवलं तरी मी पातेलं करपवतो, ही माहिती फक्त घरच्यांना होती.)

आमच्या ऑफिसच्या इमारतीखालीच एक रामेनचं दुकान आहे. सहकारी तिथे जायचे आणि मी वर बसून थंड ब्रेडमध्ये थंड चीज घालून खायचो, पण तत्त्व सोडलं नाही. आमची मुलगी ईरा वर्षभर माझ्या मागे लागली होती. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर इंग्रजीत येतं आणि चिडली की डचमध्ये.

"बाबा, कॅन वुई जस्ट गो देअर?"

"छे! ते काय रामेन आहे? तुझा बारावा वाढदिवस आपण ओसाकाला करू. आयुष्यातला पहिला बाउल खऱ्या जागी. चौघं एका रांगेत बसून."

"ऑल फोर? प्रॉमिस?"

"प्रॉमिस!"

चौथी म्हणजे माझी आई, पुण्याहून आमच्याकडे राहायला आलेली. चालणारं, पोहणारं आणि उडणारं काहीही ती खात नाही. मग डुकराच्या हाडांच्या रश्शासमोर ती काय करणार होती? मी तेवढा बेजबाबदार नाही. तिच्यासाठी मी दशम्यांची सोय केली होती. म्हणजे तिनेच लाटलेल्या, तिनेच भाजलेल्या आणि तिच्याच पिशवीत असलेल्या.

निघायच्या आदल्या शनिवारी आमचा मित्र नितीन म्हणाला, "मंद्या, पुढच्या महिन्यात आम्हीपण जपानला चाललोय. ओसाकात रामेन कुठे खायचं, ते तू सांगायचंस. मी तुझ्या भरवशावर आहे!"

"निर्धास्त राहा," मी म्हणालो. अशा वेळी माझा आवाज आपोआप खर्जात जातो.

ओसाकात पाऊल ठेवल्यावर कळलं की तिथे पावलोपावली रामेन आहे. सामान्य माणूस अशा वेळी आत जाऊन खातो. पण माझे निकष होते. दुकानापुढे रांग नाही? बाद. बाहेर इंग्रजीत मेनू लावलाय? टुरिस्टांना गंडवायचे धंदे. काचेत प्लास्टिकचे नमुने मांडलेत? बाद. दुकानदार हसून या म्हणतोय? मग तर नक्कीच बाद!

"म्हणजे तुला नक्की काय हवंय?" माझी बायको मुग्धा म्हणाली. "पाटी नको, हसणं नको, गिऱ्हाइकाला उभं करून ठेवायचं. मंदार, हे असलं दुकान आपल्या सदाशिव पेठेत होतं की! एवढं विमानाचं भाडं कशाला भरलं?"

"डू नॉर्माल, बाबा," ईरा म्हणाली. नीट वाग, असा त्याचा अर्थ. नेदरलँड्समध्ये ही सगळ्यात कडक शिवी मानतात.

आई हॉटेलच्या खोलीत टॉवेलवर दशम्या मांडून लसणाची चटणी शोधत होती.

वाढदिवसाचा दिवस उजाडला. व्हिडिओत पाहिलेलं एक दुकान मी एका बोळात शोधून काढलं. पाटी नव्हती, मेनू नव्हता, आणि रांग कोपऱ्यावरून वळून पुढे गेली होती. मला भरून आलं. आईचे गुडघे दुखतात, म्हणून तिघींना मी जवळच्या बागेतल्या बाकावर बसवलं.

"तुम्ही निवांत बसा. मी नंबर लावतो."

या वाक्यात आपली अख्खी संस्कृती आहे. खिडकीतून एसटीच्या सीटवर रुमाल टाकून चौघांची जागा धरणाऱ्या घराण्यातला मी. वडिलांनी लग्नाच्या पंगतीतसुद्धा रुमाल टाकलेले आहेत. घरातला एक गडी रांगेत, बाकीचे सावलीत, हा सृष्टीचा नियम आहे, असंच मी धरून चाललो होतो.

रांग सरकत गेली. माझ्यापुढे पाच-सहा माणसं उरली, तेवढ्यात मुग्धाचा फोन.

"अरे ऐक ना, आईंना बाथरूमला जायचं होतं म्हणून आम्ही स्टेशनात आलो, तर इथे खाली एक..."

"मुग्धा, आत्ता नाही! अगदी जवळ आलोय! नंबर लागला की मीच बोलावतो. तोपर्यंत डिस्टर्ब करू नका!" आणि मी फोन कापला. लढाईच्या ऐन वेळी सेनापतीने घरचे फोन घ्यायचे नसतात.

शेवटी मी दाराशी पोचलो. एप्रन घातलेली एक मुलगी बाहेर आली. मी ऐटीत चार बोटं दाखवली. तिने माझ्या मागे पाहिलं. मागे एक जपानी आजोबा एकटेच उभे होते. तिने आजोबांकडे बोट करून एक बोट दाखवलं, मग माझ्याकडे करून एक, आणि प्रश्नार्थक चेहरा केला.

"फॅमिली! कमिंग! पार्क!" मी बागेच्या दिशेने हात केले. बसल्याचा अभिनय केला. गुडघे दुखल्याचाही केला.

तिने दोन्ही हातांची फुली केली आणि अतिशय अदबीने भिंतीवरच्या चित्राकडे बोट दाखवलं. चित्रात एक माणूस रांगेत उभा होता, त्याचे मित्र मागून येत होते आणि त्या सगळ्यांवर मोठी लाल काट होती. सगळे मिळून उभे राहा, नाहीतर उभेच राहू नका. मग तिने रांगेचं शेवटचं टोक दाखवलं आणि कमरेत वाकून नमस्कार केला. इतक्या सन्मानाने मला आजवर कुणीही हाकललेलं नाही.

मी शेपटाशी जाऊन मुग्धाला फोन लावला. "ताबडतोब या! सगळ्यांनी उभं राहावं लागतंय!"

"हो हो, येतो. पाचच मिनिटं." पलीकडून जोरदार भुरके मारल्यासारखे आवाज येत होते.

"तो कसला आवाज?"

"ईराला ना... सर्दी झालीये."

वाढदिवसाच्या दिवशी पोरीला सर्दी! मला वाईट वाटलं. अशा वेळी गरम रस्सा किती बरा, असंही वाटलं.

बऱ्याच वेळाने तिघी आल्या. आल्या त्या फारच प्रसन्न होत्या. उन्हात उभं राहायला लागूनही कुणी कुरकुर केली नाही. आई तर चक्क गुणगुणत होती. संकटात माझं कुटुंब कसं एकजुटीने उभं राहतं, हे बघून मला अभिमान वाटला. आमच्यापुढे एकच माणूस उरला. तो आत गेला. मग तीच मुलगी बाहेर आली, दाराला एक पाटी अडकवली आणि पुन्हा कमरेत वाकली.

मी फोन काढून पाटीचा फोटो घेतला. भाषांतर आलं, "आजचा रस्सा संपला."

बारा वर्षांच्या मुलीला दिलेला शब्द, तिच्या वाढदिवसाला, तिच्यासमोर संपला होता. ईराने मला मिठी मारली. "इट्स ओके, बाबा. रिअली. आय ॲम नॉट इव्हन हंग्री." केवढा हा समजूतदारपणा! मी मुग्धाकडे पाहिलं, तर तिनेही मान खाली घातली होती. तिलाही रडू येत असणार. संध्याकाळी कुणालाच भूक नव्हती. मी एकट्याने आईच्या उरलेल्या दोन दशम्या खाल्ल्या.

नीउ-व्हेनेपला परतल्यावर नितीन आणि त्याची बायको चहाला आले. "हं, बोल मंद्या. ओसाकात रामेन कुठे खायचं?"

आता इथे सरळ माणसाने खरं सांगितलं असतं. मी खर्ज लावला.

"हे बघ नितीन, रामेन खायचं नसतं, अनुभवायचं असतं. एका बोळात, पाटी नसलेलं दुकान. तो रस्सा जिभेवर आला ना, की..."

"छे छे, त्या बोळात नका जाऊ हो!" आई चहाचा ट्रे घेऊन येत म्हणाली. "तिथे नुसतं उभं करतात. स्टेशनच्या तळघरात एका हसऱ्या बाईचं दुकान आहे, तिथे जा. तिळाचा रस्सा, वर कोबी, मका. मांस नाही, अंडं नाही, फोनवर भाषांतर करून सगळं विचारून घेतलं आम्ही. मी तर रस्सा परत मागून घेतला!"

नितीन माझ्याकडे बघत होता. मी आईकडे बघत होतो.

"आजी!" ईरा ओरडली. "वुई सेड वुई वोन्ट टेल हिम!"

"अगं बाई," आई म्हणाली आणि चहा ओतायला लागली.

"तुझा तो चेहरा बघून सांगवेच ना रे," मुग्धा म्हणाली. "तुला फोन केला होता. तू म्हणालास, डिस्टर्ब करू नका."

ईराने फोटो दाखवला. बाहेर इंग्रजी मेनू. काचेत प्लास्टिकचे नमुने. रांगेचा पत्ता नाही. ईराच्या बाउलमध्ये छोटा कागदी झेंडा, कारण दुकानदारीणबाईंना वाढदिवस कळला होता. एका रांगेत तिघी बसलेल्या आणि त्यांच्या शेजारी चौथं स्टूल रिकामं. त्यावर आईचा रुमाल.

"तुझी जागा धरली होती रे," आई म्हणाली. "ती बाई काही बोलली नाही. उलट हसली."

खरं सांगायचं तर फार लागलं. लेकीने मागितलेली गोष्ट एकच होती, चौघांनी एका रांगेत बसायचं. तिघी बसल्या होत्या. चौथा बोळात उभं राहून रामेनचा सन्मान राखत होता. नितीनने मात्र दुकानाचा पत्ता लिहून घेतला, आईकडून.

पुढच्या शनिवारी ईरा म्हणाली, "कम, बाबा," आणि आम्हाला स्लोटरडाइकला घेऊन गेली. माझ्याच ऑफिसखाली. शनिवारी तिकडे चिटपाखरूही नसतं. अख्ख्या दुकानात आम्हीच चौघं, तरी मी कोट अडकवून येईपर्यंत आईने माझ्या खुर्चीवर रुमाल टाकून ठेवला होता. दुकानदार हसून या म्हणाला. मी त्याला माफ केलं.

बाउल आले, आईचा बिनमांसाचा. मी पहिला भुरका मारला. मग दुसरा. मग मान वर केलीच नाही. शेवटी बाउल दोन्ही हातांनी उचलून तळाचा थेंबही प्यायलो, आणि तोंड पुसून वर बघतो तर तिघी माझ्याकडे टक लावून बसलेल्या.

"सो?" ईराने विचारलं. "हाऊ इज इट?"

मी जरा मागे रेललो. आवाज आपोआप खर्जात गेला.

"ठीक आहे," मी म्हणालो. "पण ओसाकाची सर नाही."