चौथा महिना

टेसी पासमोर सात वर्षांची असताना तिच्या वडिलांनी तिला मार्चपासून महिने मोजायला शिकवलं. गोठ्यामागच्या कठड्यावर बसवून, तिचीच बोटं एकेक करून दुमडत. पहिला मार्च, दुसरा एप्रिल, तिसरा मे, चौथा जून.

"शाळेत असं नाही शिकवत," टेसी म्हणाली होती.

"शाळेतल्या बाई क्वेकर नाहीत," पपा म्हणाले. "आपली जुनी माणसं महिन्यांना रोमन देवांची नावं द्यायची नाहीत. नुसता आकडा. आणि १७५२ पर्यंत वर्षाची सुरुवात मार्चात व्हायची. म्हणून त्याआधीच्या आपल्या कागदात चौथा महिना दिसला तर काय समजायचं?"

"जून."

"आणि एप्रिल म्हणणारा?"

"गाढव!"

पपा पोट धरून हसले होते. आपलं वर्ष चैत्रापासून मोजतात तसंच हे मोजणं, पण त्या घरात ते नुसतं गणित नव्हतं. एल्वुड पासमोर व्हाइट ओकच्या सभेचे एकतीस वर्षं चिटणीस होते. क्वेकर या ख्रिस्ती पंथात पुरोहित नसतो. रविवारी सगळे बाकांवर गप्प बसतात, ज्याला आतून बोलावणं येईल तो उठून दोन शब्द बोलतो. चिटणिसाचा मान असा की तो खोटं लिहीत नाही. त्याच्या वहीत उतरलं ते घडलं, इतका साधा हिशोब.

याच पपांनी घराण्याचा इतिहास लिहिला. वीस वर्षं जुन्या वह्या धुंडाळून, टंकलेखन करून, निळ्या कापडात बांधून घेतलेलं ते पुस्तक पेनसिल्व्हेनियातल्या प्रत्येक पासमोरच्या घरी होतं. पहिलं प्रकरण जोएल पासमोरचं. १७१९ साली बोटीतून उतरलेला, ओकचं जंगल तोडून गहू पेरणारा, आणि १७५० साली, कुणी सांगितलेलं नसताना, मन खात होतं म्हणून दायना नावाच्या आपल्या गुलाम बाईला मोकळं करणारा. सभेनं तशी सक्ती केली ती पुढे पंचवीस वर्षांनी. दर उन्हाळ्यात सगळे पासमोर शेतावर जमले की जेवणाआधी ते पान मोठ्यानं वाचायचं, मग वाळवलेल्या मक्याचं भरीत वाढायचं, असा शिरस्ता. टेसीनं ते पान बत्तीस वेळा तरी वाचलं असेल. लग्न केलं नाही, परगण्याच्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवलं, आणि मनाला उभारी हवी तेव्हा जोएलची आठवण काढली. देवाचा आवाज ऐकणारा माणूस आपल्या रक्तात आहे, एवढ्यावर तिचं भागायचं.

पपा जाऊन नऊ वर्षं झाली आणि १९७४ च्या वसंतात विल्मिंग्टनहून पत्र आलं. लिहिणारी व्हर्ना टिलमन, निवृत्त परिचारिका, काळ्या लोकांच्या वस्तीतल्या चर्चमध्ये गाणारी. तिच्या घरच्या बायबलच्या पहिल्या पानावर सगळ्यात वरचं नाव फीबी असं होतं, आणि पुढे, 'दायनाची लेक, आईपासून तोडलेली.' मेरीलँडच्या कचेरीत तिला विक्रीचा कागद सापडला होता. त्याची नक्कल तिनं जोडली होती. जोएल पासमोर, शेतकरी, चेस्टर परगणा, यानं फीबी नावाची नऊ वर्षांची मुलगी विकली. चौदा मे १७५०.

टेसीला वाईट वाटलं, पण काळजी वाटली नाही. तिनं निळं पुस्तक काढलं. त्यात सभेच्या वहीतला ठराव शब्दशः होता: जोएलनं 'दायनाला व आजमितीस त्याच्या घरी असलेल्या तिच्या मुलाबाळांना' मोकळं केलं. खाली पपांनी लिहिलं होतं, एप्रिल १७५०. म्हणजे फीबी एप्रिलातच मोकळी झाली, मग मे महिन्यात विकली कशी जाईल? शिवाय तळटीप होती, मेरीलँडच्या कागदांत दिसणारा जोएल हा दुसरा, चुलतभाऊ.

तिनं उत्तर लिहिलं. चांगलं, गोड, दोन पानी. शेवटी लिहिलं, 'तुमच्या घराण्याची वेदना मला कळते. पण ते पाप आमच्या जोएलचं नाही.'

तीन आठवड्यांनी रविवारी सभेत मागच्या बाकावर एक उंच बाई येऊन बसली. जांभळी टोपी, मांडीवर फडक्यात गुंडाळलेलं ताट, त्यात भाजलेली रताळ्याची गोड पाई. तासभर हूं की चूं नाही. सभा संपल्यावर ती सरळ टेसीकडे आली.

"मिस पासमोर? मी टिलमन. इतका वेळ गप्प बसलेली मी जन्मात पहिल्यांदा. आमच्याकडे एवढ्या वेळात दोनदा रडून झालं असतं."

टेसी हसली. "आमच्याकडेही रडतात. आवाज होत नाही."

"तुमचं पत्र फार छान होतं," व्हर्ना म्हणाली. "इतकं छान की मला खरं मानावंसं वाटतंय. म्हणून आले. मला ते मूळ पान दाखवा. पुस्तकातलं नको, वहीतलं. फोटो मिळाला तर मी फीबीला विकणारं दुसरं घर शोधायला मोकळी."

"दाखवते की," टेसी म्हणाली. "आमच्याकडे सगळं लिहून ठेवतात."

"ते दिसतंच आहे. ही पाई घ्या. आणि ताट परत द्या बरं का, माझ्या सासूचं आहे."

जुन्या वह्या आता कॉलेजच्या तळघरात होत्या. पुढच्या मंगळवारी टेसी तिथे गेली. ग्रंथपाल बाईंनी वही उशीवर ठेवून उघडून दिली. शाई तपकिरी झालेली, अक्षर मात्र स्वच्छ. पपांनी उतरवलेला शब्द न् शब्द बरोबर होता. 'दायनाला व आजमितीस त्याच्या घरी असलेल्या तिच्या मुलाबाळांना.' आणि वर तारीख: चौथ्या महिन्याचा सहावा दिवस, १७५०.

टेसीनं ते वाचलं आणि तिची बोटं आपोआप दुमडली. मार्च, एप्रिल, मे, जून.

तिनं पुन्हा मोजलं. बत्तीस वर्षं मुलांना गणित शिकवलेल्या बाईनं तळघरात बसून चार आकडे तीनदा मोजले. जूनच. चौदा मेला लेक विकली आणि सहा जूनला आईला मोकळं केलं. 'आजमितीस घरी असलेली.' नऊ वर्षांची पोर तीन आठवड्यांपूर्वीच घरातून गेली होती, म्हणून ते शब्द.

"चुकले असतील पपा," ती ग्रंथपाल बाईंना म्हणाली. बाईंना काहीच ठाऊक नव्हतं, त्यांनी नुसती मान हलवली. घरी येईपर्यंत टेसी गाडीत तेच म्हणत राहिली. चुकले असतील. माणूस चुकतो. पण जगात कुणीही चुकलं असतं तरी एक माणूस इथे चुकणार नव्हता, आणि त्यानं ते तिला कठड्यावर बसून शिकवलं होतं.

पपांची टिपणवही शेतावर होती, भाऊ लुईसच्या माळ्यावर, सफरचंदाच्या पेट्यांमागे. टेसी शिडी चढून गेली. १९३१ सालची वही. पेन्सिलीत, त्यांच्या बारीक अक्षरात: 'चौथा महिना = जून.' खाली: 'मेरीलँड, १४ मे. फीबी, ९. दायनाचीच.' आणि त्याच्याखाली, शाईनं, नंतर कधीतरी: 'एप्रिल धरावा.'

एप्रिल धरावा. टेसी पेटीवर बसून राहिली. चूक असती तर तिनं पपांच्या वतीनं देवाची क्षमा मागितली असती आणि शिडी उतरली असती.

ती खाली आली तेव्हा लुईस स्वयंपाकघरात बूट काढत होता. तिनं वही त्याच्यापुढे ठेवली. त्यानं ती उघडलीसुद्धा नाही.

"सापडली म्हणजे," तो म्हणाला.

टेसीला आधी अर्थच लागेना. "तुला ठाऊक होतं?"

"त्यांनी सांगितलं होतं. जायच्या आधीच्या वर्षी."

"तुला? तू दर उन्हाळ्यात आम्ही ते पान वाचताना बिअर पितोस गोठ्यामागे!"

"म्हणूनच मला सांगितलं असेल." लुईसनं दुसरा बूट ओढून काढला. "टेसला सांगू नकोस म्हणाले. ती गप्प बसायची नाही."

"मी त्यांची लाडकी होते."

"होतीस ना. तुझ्या डोळ्यांत ते मोठे होते. माझ्या डोळ्यांत नव्हते, मला सांगायला त्यांचं काय जातंय?" मग जरा मऊ होऊन तो म्हणाला, "सोड ना, टेस. दायनाला तर सोडलं ना त्यानं. अर्धं पुण्य तरी आहे."

"तिची पोर विकून?"

"दोनशे वर्षं झाली त्याला."

"मी गेल्या महिन्यात लिहिलं," टेसी म्हणाली. "त्या बाईला. ते पाप आमचं नाही, असं. माझ्या हातानं, माझ्या सहीनं. पपांचं खोटं मी पोस्टात टाकलं, लुईस, आणि वर तिची पाई खाल्ली."

लुईसनं बूट भिंतीकडे सारले. टेसी निघाली तेव्हा म्हणाला, "सभेत काही करणार असशील तर मी येणार नाही. सांगून ठेवतो."

टेसीनं त्या आठवड्यात प्रार्थना करायचा प्रयत्न केला. गप्प बसली की तिला पपांचा आवाज ऐकू यायचा, आणि आजवर ज्याला ती देवाचा आवाज समजत होती त्यातला किती पपांचा होता, हे तिला ठरवता येईना. हे दुःख जोएलपेक्षा मोठं होतं. जोएलला तिनं पाहिलेलं नव्हतं. पपांचा हात तिच्या बोटांवर होता.

जुन्या काळी सभेत एक रीत होती. कुणाच्या हातून काही वावगं घडलं तर त्यानं स्वतःच्या शब्दांत कबुलीचा कागद लिहायचा, आणि रविवारी सभा संपताना चिटणिसानं तो मोठ्यानं वाचायचा. वाचून होईपर्यंत त्या माणसानं सगळ्यांसमोर उभं राहायचं. दारू प्यायलेले, भांडलेले, मनाला येईल तिथे लग्न केलेले, असे शेकडो कागद वह्यांत होते. गेली शंभर वर्षं कुणी लिहिला नव्हता. आताच्या चिटणीस बाईंनी टेसीचा कागद वाचला आणि चष्मा काढला.

"टेसी, हा एल्वुडचा गुन्हा आहे. तुझा नाही."

"त्यांचा कागद त्यांनी लिहायचा होता," टेसी म्हणाली. "मी माझा लिहिलाय."

रविवारी व्हर्ना मागच्या बाकावर होती. टेसीनं तिला फोनवर फक्त या म्हटलं होतं, कारण सांगितलं नव्हतं. लुईसची जागा रिकामी होती. तास संपला, चिटणीस बाई उठल्या, आणि टेसी आपल्या बाकाजवळ उभी राहिली. तो बाक पपांचा. तिनं हात पाठीशी धरले.

"मी, टेसी पासमोर," बाई वाचू लागल्या, "व्हर्ना टिलमन यांना लिहून कळवलं की जोएल पासमोर यानं त्यांच्या पूर्वज फीबीला विकलं नाही. हे खरं नाही. त्यानं विकलं. मूळ वही न पाहता मी लिहिलं, कारण मला तसंच हवं होतं. ज्यांनी मला वही वाचायला शिकवली त्यांनीच ती खोटी उतरवली होती, पण पाहणं माझं काम होतं. मी त्याचा दोष पत्करते."

टेसीला वाटलं होतं की हे झाल्यावर मन हलकं होईल. झालं नाही. ती तशीच उभी राहिली, बाईंनी कागद घडी घालून वहीत ठेवला तरी.

बाहेर ओकखाली व्हर्ना तिची वाट पाहत होती. टेसीनं तिच्या हातात सभेच्या वहीतल्या त्या पानाचा फोटो दिला, आणि धुऊन पुसलेलं ताट.

व्हर्नानं फोटो बराच वेळ पाहिला. "म्हणजे आमचं बायबल बरोबर होतं."

"होतं."

"मिस पासमोर, एकच विचारते. तुमच्या वडिलांना फीबीचं नाव माहीत होतं? की नुसती कुणीतरी एक पोर?"

टेसीनं पर्समधून टिपणवही काढली आणि ते पान उघडून धरलं. "नाव माहीत होतं. वय माहीत होतं. कुणाची, तेही लिहिलंय."

व्हर्नानं 'दायनाचीच' या शब्दाखालून बोट फिरवलं, वाचायला शिकणाऱ्या मुलासारखं, सावकाश. मग तिनं वही मिटून स्वतःच्या ताटावर ठेवली.

"ही मी नेते," ती म्हणाली.

"न्या," टेसी म्हणाली.

व्हर्नाची गाडी निघून गेल्यावर टेसी पुन्हा आत गेली. पपांच्या बाकावर बसवेना. ती मागे जाऊन, जिथे व्हर्ना बसली होती तिथे बसली.