गौरम्माअव्वांची साक्ष

बाळीवेशीतल्या गौरम्माअव्वा ज्वारीच्या कडक भाकरी करून विकायच्या आणि शहाणपण फुकट वाटायच्या. शेजारच्या गोजाबाईला तर उठता-बसता ऐकवायच्या, "गोजे, तू लई भोळी. तुला कुणी बी गंडवील."

त्या सकाळी दोघी बाजारातनं परतत होत्या. गोजाबाई ज्वारीचं गाठोडं सावरत बरीच मागं राहिलेली. तेवढ्यात मोटारसायकलवरनं एकजण उतरला. बारीक केस, तांबडे बूट, आवाजात नुसता दरारा.

त्यानं हात जोडून लिंगायतांसारखा नमस्कार घातला, "शरणु शरणार्थी, अव्वा. पोलीस आहे मी. पुढच्या गल्लीत लूटमार झालीय. सोनं काढून रुमालात बांधा."

अव्वांनी पाटल्या काढल्या. मग गळ्यातल्या लिंगाच्या चांदीच्या डबीला हात घातला, तसं त्यानं कानाला हात लावले. "छे छे! ते शिवाचं. ते राहू द्या."

झालं! चांदी सोडणारा चोर कुठं असतो का?

तेवढ्यात गोजाबाई येऊन पोचली. "गोजे, बोरमाळ काढ! पोलीस आहेत. आमच्यातलेच दिसतात की!"

"नगं अव्वा, मला भ्या वाटतंय."

"मी आहे की! आण इकडं." अव्वांनी स्वतःच तिच्या गळ्यातनं माळ काढली. शेळ्या विकून केलेली माळ.

त्यानं गाठ मारून दिलेला रुमाल घरी सोडला, तर आत खडे.

महिन्याभरात तोतया सापडला. जबाबात गोजाबाईनं सांगितलं, "म्याच दिली काढून." अव्वांनी मान खाली घातली, पण ते खोटं खोडलं नाही.

कोर्टात सरकारी वकिलांनी आधीच समजावलं होतं, "फसवणुकीची शिक्षा वेगळी, पोलीस असल्याच्या बतावणीची वेगळी. त्याचं बोलणं फक्त तुम्ही ऐकलंय, अव्वा."

अव्वांनी ते सांगितलं. मग आरोपीचा वकील गोड हसत उठला. "आजी, गोजाबाईंनी तर 'पोलीस' हा शब्द त्याच्या तोंडून ऐकलाच नाही. मग माळ काय हौसेनं दिली? का पोलिसाची गोष्ट तुम्ही घरी जाऊन रचलीत?"

गोजाबाई बाकावर बसून पदर चाळवत होती. अव्वांना कळलं, आता आपण गप्प राहिलं, तर तो बतावणीतनं सुटणार. बोललं, तर सगळ्या बाळीवेशीत तोंड दाखवायची सोय नाही.

"तिनं दिली नाही," अव्वा म्हणाल्या. "नको म्हणत होती ती. मी काढली. हा पोलीस आहे असं मीच तिला सांगितलं. लिहून घ्या, साहेब."

लोक हसतील, असं त्यांना वाटलं होतं. कुणीच हसलं नाही. तेच जास्त लागलं.