शैला सिस्टरांचा हट्ट

शैला सिस्टरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते चालून आलेली नोकरी नाकारताना. नाशिकच्या एका खासगी हॉस्पिटलात, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, म्हणजे एनआयसीयूत, मी नवीनच लागले होते. रजेचा अर्ज द्यायला मेट्रनबाईंच्या केबिनमध्ये गेले, तर समोर चाळिशीची, सावळी बाई ताठ बसलेली. मस्कतमध्ये अकरा वर्षं अपुऱ्या दिवसांची बाळं सांभाळून ती परतली होती. वणीजवळच्या गावी आईला अर्धांगवायू झाला, भावाने आईला सातपूरला आपल्याकडे आणलं, आणि आईने लेकीला परत बोलवायचा धोशा लावला.

"एनआयसीयूत जागा नाही. पुरुषांच्या वॉर्डात आहे," मेट्रनबाई म्हणाल्या. "आधी आत तर या, पुढचं पुढे बघू."

"नाय मॅडम. जागा झाली की बोलवा." फाइल काखेत मारून त्या निघूनसुद्धा गेल्या. मला नवल वाटलं. खरं सांगायचं तर थोडा रागही आला. एवढा कसला तोरा?

पाच महिने त्या घरी होत्या. आणखी दोन हॉस्पिटलांनी हेच सांगितलं, दोन्हीकडे त्यांचं हेच उत्तर. लेथवर काम करणारा भाऊ वैतागला. "ताई, नर्स ती नर्स. वॉर्ड कुठला का असेना!"

"उद्या तुला कंपनीनं कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायला बसवलं तर बसशील?" त्यांनी विचारलं. हा किस्सा नंतर त्याच आम्हाला हसत सांगायच्या, पण ते पाच महिने हसण्यासारखे नव्हते. आईला कुशीवर वळवताना त्यांच्या मनात यायचं, आपले हात बाळांचं काम विसरतील की काय.

अखेर आमची एक सीनियर लग्न करून पुण्याला गेली आणि मेट्रनबाईंनी स्वतःहून फोन केला. सिस्टर आल्या त्या 'दुसऱ्या वॉर्डात बदली नाही' असं वर्षभराच्या कंत्राटी नेमणूकपत्रात लिहून घेऊनच.

माझा राग पंधरा दिवसांत उतरला. एकदा माझ्याशी बोलता बोलता त्या थांबल्या, काचेच्या पेटीत हात घातला आणि बाळाचा तळवा चोळू लागल्या. मशीनचा गजर त्यानंतर वाजला. बाळ श्वास घ्यायचं विसरलं होतं.

"मशीन बोंबलायच्या आधी बाळ सांगतं," त्या म्हणाल्या. "रंग बघ, पोट बघ. मशीनकडे मग बघ."

आठ महिन्यांनी एका दुपारी हॉस्पिटलचे मॅनेजर आत आले. पुरुषांच्या वॉर्डात माणसं कमी पडली होती.

"सिस्टर, तिकडे जा."

"माझी दोन बाळं व्हेंटिलेटरवर हायेत. कुणाच्या हवाली करू?"

"ही मुलगी बघेल ना!" त्यांनी माझ्याकडे बोट केलं. माझ्याकडे आधीच तीन बाळं होती.

सिस्टरांनी नोंदीची वही त्यांच्यापुढे धरली. "मग तसं लिहून द्या. एका नर्सवर पाच बाळं, खाली तुमची सही. लगेच जाते."

मॅनेजरांनी वहीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि पेनला हातही न लावता निघून गेले. ती दोन्ही बाळं महिन्याभरात आपापल्या आईच्या कुशीत घरी गेली.

वर्ष संपलं तसं सिस्टरांचं कंत्राट वाढवलं नाही.

"फार अडून बसता हो तुम्ही," निरोपाच्या कागदावर सही करताना मेट्रनबाई पुटपुटल्या. त्यांनाही वाईट वाटत असावं.

"अडले म्हणून तर ती दोघं घरी गेली, मॅडम."

दीड महिन्याने त्यांचा मला फोन आला. दुसऱ्या एका हॉस्पिटलात नवं एनआयसीयू सुरू होत होतं आणि ते उभं करायचं काम त्यांच्याकडे आलं होतं. "जागा हाय. येतेस का?"

"आणि तिथूनही काढलं तर?" मी घाबरतच विचारलं.

"तर तिसरीकडे जाऊ. नाशकात बाळं जन्मायची थांबली का, गं?"

मी दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला.