शेवंता ज्या अंगणांशी थांबते

अक्काची आणि माझी शेवटची भेट भांडणात संपली. पुढच्याच आठवड्यात तिच्या शेजारणीचा फोन आला, "भाऊ, अक्का गेली. झोपेतच..." आणि माझी बाजू सांगायची राहून गेली.

वरातीला घोडी देण्याचा धंदा मी शहापुरात एकट्याने उभा केला. पावसाळ्यात लग्नं नसतात, म्हणून माझी घोडी शेवंता मुरबाडजवळ, थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या गोठ्यात राहायची. यंदा तुळशीचं लग्न झाल्यावरची पहिलीच वरात मी पक्की केली होती. घोडी न्यायला गेलो तर अक्का गोठ्याच्या दारात आडवी उभी.

"चार महिने उभी हाय ती. लगेच ढोलावर नाचवलीस की मागचे पुठ्ठे आखडतील. आधी चालव."

"मी शब्द दिलाय, अक्का."

"तू दिलायस. तिनं नाय दिलेला."

ती वरात दुसऱ्याकडे गेली. अडवायचंच होतं तर आधी फोन करायचा, हे माझं म्हणणं आजही कायम आहे.

तिचं कार्य उरकल्यावर पुढची वरात तोंडावर होती. शेवंता कितपत तयार आहे ते बघायला मी तिला माळावर थोडी पळवली. दुसऱ्या सकाळी तिचे मागचे पाय उचलेनात, पुठ्ठे लाकडासारखे कडक. गुरांचे डॉक्टर म्हणाले, मार नाही, अंग धरलंय. शेक द्या, हळूहळू चालवा. मी अक्काच्याच घरी मुक्काम ठोकला. गरम पाण्यात पिळलेलं गोणपाट पुठ्ठ्यांवर ठेवायचं, अंग कोरडं करायचं, केसांच्या दिशेने तळहाताने चोळायचं. मग चालवायचं.

पण ती चालेना! पहिल्या अंगणाशी आली आणि थांबली. मी ओढलं, शिव्या घातल्या. आतून एक बाई ओरडली, "ओढू नको रे तिला! तू भांडून गेल्यावर अक्का तिला रोज फिरवायची, हितं थांबायची."

"कशाला?"

"बोलायला. तूच ना तो शहापूरचा, तावातावानं भांडणारा?"

पुढच्या अंगणातही तेच, त्याच्या पुढच्यातही. प्रत्येकीला माझं भांडण पाठ होतं आणि प्रत्येकीच्या मते चूक माझी. मी तावातावाने उत्तर द्यायचो, तोवर शेवंता एकेक पाय सैल सोडून उभी असायची. बोलणं संपलं की आपणच निघायची, आणि दर वेळी तिचं मागचं पाऊल जरा लांब पडायचं. अक्का घोडीला विसावा द्यायला थांबायची की गप्पा मारायला, कोण जाणे... दोन्ही एकाच फेरीत उरकत असेल. तिला वेळ वाया घालवणं जमायचं नाही.

वरातीच्या आदल्या दिवशी मी नवऱ्याच्या बापाला कळवलं, "घोडी चालेल, नाचणार नाही." त्यांनी बरीच घासाघीस केली. मी हटलो नाही. शेवंता मांडवापर्यंत डौलात गेली आणि दुसऱ्या सकाळी बिनतक्रार उभी राहिली.

आता दर वरातीनंतर मी तिला मुरबाडला आणतो, त्याच वाटेने चालवतो. अक्काशी माझं भांडण मिटलेलं नाही. फक्त तिच्या बाजूने बोलायला अंगणोअंगणी बायका आहेत, आणि त्यांचं ऐकून होईपर्यंत घोडी मला पुढे जाऊ देत नाही.