केझायाची बाग आणि नवऱ्याची शपथ

नवऱ्याने, एल्नेथनने, दारू सोडावी म्हणून केझाया टिलसनने चार वर्षं देवाला आणि गावाला सारखंच भंडावून सोडलं होतं. व्हरमाँटच्या आमच्या डोंगरात तेव्हा दारूबंदीच्या सभांना असा ऊत आला होता, की सभा चुकवणाऱ्याच्या तोंडाचा वास घ्यायला शेजारणी काहीतरी निमित्त काढून कुंपणाशी येत. शेवटी एल्नेथनने भर चर्चमध्ये शपथेच्या कागदावर सही केली. केझाया ढसाढसा रडली. बायका म्हणाल्या, सुटली बिचारी.

सोमवारी सकाळी तो कुऱ्हाड घेऊन बागेत शिरला.

सफरचंदाची चाळीस झाडं, केझायाच्या वडिलांनी लावलेली. लग्न झालं तशी कायद्याने ती एल्नेथनची झाली, केझायासकट. त्याच फळांचा रस मुरवून तो प्यायचा आणि लोळायचा. सभेतला वक्ता म्हणाला होता, पापाचं मूळच उपटा. याने ते अक्षरशः मनावर घेतलं. गुरुवारपर्यंत एकोणचाळीस झाडं आडवी झाली.

उरलं विहिरीजवळचं, गोड फळांचं. त्याचा रस आजवर कुणी मुरवला नव्हता. वाळवलेल्या फोडींवर पोरांचा हिवाळा निघायचा. केझाया धावत डीकन प्रॅटकडे गेली; चर्चचे हे कारभारीच दारूबंदी सभेचे अध्यक्ष होते. त्यांनी शांतपणे सांगितलं की झाड नवऱ्याचं आहे, आणि वर विचारलं, बाईंना नवऱ्याच्या शपथेपेक्षा फळं प्यारी आहेत का? दाराआडून डीकनबाई ऐकत होत्या. दुपारपर्यंत गावभर झालं, की खरं तर केझायाच चोरून पिते.

ती परतली तेव्हा एल्नेथन दोन मुठींची मोठी करवत बुंध्याला लावून उभा होता.

"मिस्टर टिलसन, हे एवढं तरी ठेवा. पोरांच्या पानात काय वाढू?"

"गोड रसही मुरतो, केझाया. डिसेंबरात मी पिळणारच. मी मला ओळखतो."

"मी पहारा देईन."

"चार वर्षं दिलास की."

तो चिडून बोलत नव्हता. चेहरा राखेसारखा झाला होता, आणि हात इतके थरथरत होते की करवतीचे दात सालीवर कटकट वाजत होते. केझायाने वर पाहिलं. फांद्या हिरव्या फळांनी वाकल्या होत्या, पिकायला अजून महिना होता.

तिने करवतीची दुसरी मूठ धरली.

"त्या बाजूने कापा," ती म्हणाली. "नाहीतर विहिरीवर पडेल."